सिंगापूर का पडलं, यावरचं आपलं भांडण

अण्णा, आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं. तवंदीचा घाट चढून गाडी वर आली, तेव्हा तू म्हणालास, "उद्या बोलू, सुशे. आता डोकं दुखतंय." तो उद्या उजाडला, पण त्या दिवसापासून तुला बोलता आलं नाही. आता बोलायची पाळी माझी एकटीची आहे. भावाशी भांडताना समोरून उत्तर यायचं नाही, याची मला सवय नाही.

सांत्वनाला येणारे सगळे तुझे विद्यार्थी. कुणाचे केस पांढरे, कुणाचे गेलेलेच. सोफ्यावर बसून चहाचा कप हातात धरतात आणि थोड्या वेळानं सगळ्यांची गाडी त्याच प्रश्नावर येते. सिंगापूर का पडलं? पुस्तकात त्यावर एकच वाक्य होतं, आणि सर त्यावर आठवडाभर शिकवायचे, म्हणतात. एकानं तर पाठ केल्यासारखी कारणं म्हणून दाखवली. इंग्रजांना वाटलं, शत्रू आला तर समुद्रातून येईल. जपानी उतरले वर मलायाच्या किनाऱ्यावर आणि सायकलींवरून खाली आले. जंगलातून फौज येऊच शकत नाही, असं ज्यांनी ठरवलं होतं, त्यांच्या मागच्या दारात ती येऊन उभी राहिली. इंग्रजांकडं रणगाडा नव्हता, विमानं जुनी, दोन मोठ्या युद्धनौका पहिल्या काही दिवसांतच बुडाल्या. दुसरा हसून म्हणाला, "तोफांची तोंडं समुद्राकडं होती एवढंच लिहिलं की सर अर्धा मार्क कापायचे. म्हणायचे, बऱ्याच तोफा वळत होत्या रे, पण गोळे जहाजं फोडायचे होते, माणसांवर चालणारे नव्हते. पूर्ण लिही."

सगळे हसले. मीही हसले. पण तू आयुष्यभर ह्याच एका प्रश्नाला का धरून बसलास, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. तू कुणाला कळू दिलं नाहीस. मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी तुझ्या ताटात भाकरी मीच वाढत होते.

बोरगावजवळचं आपलं गाव, दूधगंगेच्या काठचं. आपण दोघं जन्मलो ते आप्पा परत आल्यानंतर. त्याआधीचं सगळं आपण आजीकडून ऐकलेलं. आप्पा सफरमैनाच्या पलटणीत होते, म्हणजे पूल बांधणाऱ्या आणि पाडणाऱ्या. सिंगापूर पडलं आणि त्यांची खबर बंद झाली. वर्षं गेली, तशी आजीनं लेक गेला असं धरून त्याचं कार्यही उरकलं. मग लढाई संपली आणि एक दिवस गावाच्या वेशीत हाडांचा सापळा येऊन उभा राहिला. पोरं भ्याली. बायांनी दारं लावून घेतली. आजी म्हणायची, "माज्या पोराला वळकायला मलाच येळ लागला, गं."

आपल्याला आठवतात ते आप्पा त्यानंतरचे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला जाणारे. पायाची बोटं वाकडी, पोटऱ्यांवर काळे डाग. भाताची पेज कुणी सांडली तर घर डोक्यावर घेणारे. एरवी शब्द न बोलणारे. गाव त्यांना सिंगापूरवाला म्हणायचं, पण सिंगापूर हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही.

तू कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतास. पंधरा ऑगस्टला शाळेत शेजारच्या गावच्या एका माजी शिपायाचा सत्कार झाला. तोही सिंगापुरात कैद झालेला, पण कैदेतून स्वातंत्र्यासाठी उभ्या राहिलेल्या नव्या फौजेत गेलेला. त्याला हार घातला, त्याच्या पाया पडायला पोरांची रांग लागली. तूही पडलास. तिथं कुणीतरी तुला म्हणालं, "तुजं वडील बी हुतं की तिथं. त्येनी का न्हाय गेलं?"

तू घरी आलास तो तापलेला. आप्पा जेवायला बसले होते. तू त्यांच्या समोर बसलास. मी भाकरी वाढली. तू तिला हात लावला नाहीस.

"आप्पा, नव्या फौजेत तुमी का न्हाय गेलासा?"

आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"लाख मानसं शरण गेली. त्यातली हजारो उठून देशासाठी गेली. तुमी का न्हाय?"

आई चुलीपुढून म्हणाली, "जेवू दे रं त्यास्नी."

"म्हंजे तुमी शेवटपतूर साहेबाचं कुत्रंच ऱ्हायलासा."

आप्पांनी घास पुरा केला. उरलेली भाकरी खाल्ली, ताटात पाणी ओतून ते प्याले, ताट उचलून मोरीत नेलं आणि स्वतः घासलं. त्या घरात पुरुषानं ताट घासलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर ते तुझ्याबरोबर जेवायला बसले नाहीत. कधीच नाही. रागावून नव्हे. तू आलास की त्यांना भूक नसायची, एवढंच.

पुढं तू बेळगावला शिकायला आलास आणि इतिहास घेतलास. आई म्हणाली, "बापाशी बोलायचं सोडून पुस्तकाशी बोलाय लागलाय." ते खरंच होतं. तू पुस्तकं मागवलीस, इंग्रजी पक्कं केलंस ते त्यासाठी. कॅम्पातल्या म्हाताऱ्या पेन्शनरांच्या मागं लागलास. आणि तुला जसजसं कळत गेलं, तसतसा तू गप्प होत गेलास. शरण जायचं शिपायांनी ठरवलं नव्हतं. चढाई करून आलेल्यांपेक्षा आत अडकलेले दुपटीहून जास्त होते, हे तूच मला सांगितलंस. जपान्यांचा दारूगोळा संपत आला होता, ते दम देत होते, आणि वरच्या साहेबांनी तो दम खरा मानला. पाण्याचे तलाव हातचे गेले, शहरातले नळ फुटले, रस्त्यात प्रेतं पडली, हेही खरं. पण फौजेतल्या कुणालाही न विचारता एका संध्याकाळी सगळं संपलं होतं. तू ज्याला कुत्रं म्हणालास, त्याच्या हातात काहीच नव्हतं.

हे तू आप्पांना सांगायला हवं होतंस. आठवड्याच्या आठवड्याला गावी जायचास, ओसरीवर बसायचास. ते म्हणायचे, "आलास?" तू म्हणायचास, "आलो." आणि मग दोघं अंगणातल्या कोंबड्यांकडं बघत बसायचात.

शेवटी त्यांना मी बेळगावला आणलं, मी नर्स होते त्या दवाखान्यात. पोटात पाणी झालं होतं. एका दुपारी वॉर्डात गडबड नव्हती, मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. त्या डागांवरून हात फिरवताना मी सहज विचारलं, "आप्पा, हे कशानं झालं वो?" आणि ते बोलायला लागले. माझ्याकडं न बघता, छताकडं बघत.

"आमचं काम पूल पाडायचं, सुशे. पलटणी मागं आल्या की पूल उडवायचा आन आपुनबी मागं. परत नदी, परत पूल. पयल्यांदा लाज वाटली. मग सवय झाली. खंदक खणायचा, त्यात बसायच्या आधी हुकूम, मागं सरा. बेटावर पोचलो तवर फुडं कसं जायाचं त्ये पाय इसरून गेलते. लोक इचारत्यात सिंगापूर कसं पडलं. त्ये लई आधीच पडलेलं, गं. वरच्या पुलांवर पडलेलं."

मी तेल लावायचं थांबले नाही. थांबले असते तर तेही थांबले असते.

"एका पुलाला दारू लावून आमी बसलो हुतो. पलीकडं आपलीच मानसं हुती अजून. दिसत हुती. जपानी त्यांच्या मागं. साहेब म्हनला, उडीव. उडीवला. त्यातली काई पोहून आली. बाकीची न्हाय आली."

मी मनाचा हिय्या करून विचारलं, "आणि नव्या फौजेत?"

"मला कुनी इचारलंच न्हाय," आप्पा म्हणाले. "समद्यांला मैदानात गोळा केलं, भाषणं झाली म्हनं. मी हगवणीनं दवाखान्याच्या फरशीवर पडलेलो. शुद्ध आली तवा जाणारे गेलेते. मग जपान्यांनी उरल्यासुरल्यांना बोटीत घातलं आन लांब बेटावर कामाला नेलं. तिथं मानसं किड्यावानी मेली. मी न्हाय मेलो." आणि थोड्या वेळानं, "इचारलं असतं तर गेलो असतो का न्हाय, ह्ये मलाबी ठाऊक न्हाय. अण्णाला काय सांगनार? त्येला एक उत्तर पायजे हुतं. माज्याकडं न्हवतं."

त्याच आठवड्यात आप्पा गेले. तू रोज शाळा सुटल्यावर यायचास आणि वॉर्डाच्या दारात उभा राहायचास. एकदा त्यांनी तुला हात केला. तू जवळ गेलास. ते म्हणाले, "जेवलास का?" तू हो म्हणालास. तुमच्यातलं शेवटचं बोलणं तेवढंच.

बारावं झाल्यावर मी तुला सगळं सांगितलं. पूल, पलीकडची माणसं, दवाखान्याची फरशी. तू भिंतीकडं बघत ऐकलंस आणि म्हणालास, "तापात बोलले असतील." आप्पांना ताप नव्हता, अण्णा. त्यांचा तापाचा तक्ता मीच भरत होते. पण तुझा चेहरा बघून मी पुढं बोलले नाही.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि चांगलं चाळीस वर्षं पुरलं. तू म्हणायचास, इतिहास म्हणजे तोफा, विमानं, रसद, नकाशे, साहेबांची घमेंड. मी म्हणायचे, आप्पांचे पायही त्यात धर. मागं सरायची सवय लागलेली फौज कुठल्या नकाशावर दिसते? तू म्हणायचास, "ती भावना झाली, सुशे. कारण नव्हे." मी म्हणायचे, "मग तुझी कारणं घेऊन बस." आणि चहा टाकायला उठायचे.

पण भांडण्याइतकं जवळचं मला दुसरं होतं कोण? नर्सिंगला जायचं म्हटल्यावर भावकीनं नाकं मुरडली, तेव्हा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन तूच बसस्टँडपर्यंत चालत आलास. माझं लग्न का झालं नाही हे तू मला एकदाही विचारलं नाहीस आणि दुसऱ्या कुणी विचारलं तर तुझ्या एका नजरेनं तो गार व्हायचा. वहिनी गेल्यावर तू म्हणालास, "आता कशाला दोन घरं? ये की इकडं." मी टिळकवाडीतल्या तुझ्या घरात आले आणि आपली शेवटची वर्षं वर्तमानपत्रावरून, भाजीतल्या मिठावरून आणि सिंगापूरवरून वाद घालण्यात सुखात गेली. हे तुला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तू म्हणाला असतास, "काय पायजे तुला? सरळ सांग."

मेधा नोकरीला सिंगापूरलाच गेली, तेव्हा तू हसला होतास. लेकीनं सगळं जग सोडून नेमकं तेच गाव निवडलं. तिनं आपल्या दोघांना बोलावून घेतलं. ते उंच उंच काचेचे इमले, ती चकचकीत मॉलं तू बघितलीही नाहीस. तू म्हणालास, "मला उत्तरेच्या किनाऱ्यावर ने."

गेलो. कठड्याला हात टेकून उभे राहिलो. समोर सामुद्रधुनी. पलीकडच्या इमारतींच्या खिडक्या मोजता येतील इतकं जवळ सगळं. तुझ्या वर्गात फळ्यावर ही सामुद्रधुनी तू केवढी रुंद काढायचास, ते मी एकदा दारातून पाहिलं होतं.

"एवढंच पाणी?" तू म्हणालास. "सुशे, एवढ्याशा पाण्याच्या भरवशावर?"

मग सांगत राहिलास, माझ्याकडं न बघता, छताकडं बघणाऱ्या आप्पांसारखाच. ह्या किनाऱ्यावर खंदक, तारा, काही बांधावं, असं एका साहेबानं सुचवलं होतं. वरचा साहेब म्हणाला, नको, त्यानं लोकांचा धीर सुटेल. भिंत बांधली तर चोर येणार असं लोकांना वाटेल, म्हणून भिंतच बांधली नाही. "आणि इथं राहणाऱ्या लोकांना कुणी विचारलं नाही," तू म्हणालास. "चिनी, मलय, तमिळ. त्यांतले किती तरी स्वतः लढायला मागत होते. बंदुका द्यायला साहेबांचा हात धजेना. अगदी शेवटी दिल्या, त्याही अपुऱ्या. मग साहेब शरण गेल्यावर जपान्यांनी हीच माणसं मारली."

मी म्हटलं, "विचारलं नाही, हे आता तूच म्हणालास." तू ऐकलं नाहीस, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलंस.

दुसऱ्या दिवशी युद्धात मेलेल्यांच्या स्मशानभूमीत गेलो. ज्यांना थडगं मिळालं नाही, त्यांची नावं उंच भिंतींवर कोरलेली. आपल्याकडची किती नावं, अण्णा. शिंदे, खान, सिंग, राम. तू चष्मा लावून एकेका भिंतीवरून बोट फिरवत चालला होतास. ऊन कडक होतं. मेधा छत्री धरून मागं. मी म्हटलं, "कुणाचं नाव बघतोयस?"

"आप्पांचं."

"आप्पा परत आलेते, अण्णा. इथं कसं असंल?"

"तरी बघतो," तू म्हणालास.

तू सगळ्या भिंती बघितल्यास. मी आणि मेधा पायरीवर बसून राहिलो. ती मला हळूच म्हणाली, "आत्या, बाबा काय शोधतायत?" आप्पा मेले असते तर तुला सोपं गेलं असतं, असं एका लेकीला तिच्या बापाबद्दल कसं सांगायचं?

त्यानंतर निपाणीचं ते व्याख्यान. वाचनालयवाल्यांनी आग्रह केला आणि तू हो म्हणालास. मी म्हटलं, दगदग नको, रक्तदाब बघ. ऐकलं नाहीस. सभागृह भरलं होतं. तू उभ्यानं बोललास, सुंदर बोललास. तोफा, विमानं, सायकली, पाणी, घमेंड. मी दुसऱ्या रांगेत होते. शेवटी एका वकिलांनी उठून विचारलं, "सर, पण शरण गेलेल्या आपल्या शिपायांचं काय? त्यांना आपण काय म्हणायचं?"

तू पाण्याचा ग्लास उचललास आणि न पिता परत ठेवलास. म्हणालास, "माझे वडील तिथं होते."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू हे चारचौघांत बोललास. मला वाटलं, आता सांगणार. आणि तू म्हणालास, "त्यांना नव्या फौजेत या म्हणून विचारण्यात आलं. ते नाही म्हणाले. घेतलेली शपथ त्यांनी मोडली नाही. त्याची किंमत त्यांनी बेटावर मोजली. असेही शूर होते, एवढंच सांगतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागचे काही उभे राहिले. तू खाली बसलास आणि माझ्याकडं बघितलं नाहीस.

परतीच्या गाडीत आपण मागं बसलो होतो. निपाणी मागं पडल्यावर मी विषय काढला.

"अण्णा, आप्पांना कुणी विचारलं नव्हतं."

"हं."

"मग असं का सांगितलंस?"

"काय सांगू सभेत? माणूस हगवणीनं पडला होता, म्हणून राहून गेला?"

"व्हय. तेच सांगायचं."

"त्यानं त्यांना काय मिळालं असतं?"

"आणि ह्यानं काय मिळालं?" मी म्हणाले. "तवा साहेबाचं कुत्रं. आता शपथेचा वीर. दोन्ही वेळेला तूच ठरवलंस."

तू खिडकीकडं तोंड केलंस. घाट संपेपर्यंत तुझी मान तशीच होती. मी काय बोलले ते मला माहीत होतं आणि ते खरं होतं, आजही मी ते मागं घेत नाही. पण तू चष्मा काढून कपाळ काचेला टेकलंस आणि ते मी बघितलं. मग तू म्हणालास, "उद्या बोलू, सुशे. आता डोकं दुखतंय."

सकाळी तू बाथरूमच्या दारात पडलेला सापडलास.

उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे मात्र जागे. मी आयुष्यभर असे रुग्ण बघितलेत, त्यामुळे खोटी आशा धरायची सोयही मला नव्हती. पुढं श्वास बिघडत गेला. तरुण डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, "मॅडम, व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल. घरच्यांनी लवकर ठरवा." मेधा विमानात होती. जावई फोनवर म्हणाले, जे करता येईल ते सगळं करा. चुलतभावांचंही तेच. सगळे कॉरिडॉरमध्ये ठरवत होते. मी आत आले. तुझ्या डाव्या हाताशी बसले.

"अण्णा," मी म्हटलं, "घशात नळी घालायची म्हणतायत. घातली तर थोडे दिवस निघतील. बोलणं परत यायचं न्हाय. तुला काय पायजे? घालू दे का?"

तू माझ्याकडं बघितलंस. डावा हात चादरीवरून थोडा उचललास आणि आडवा हलवलास. पंगतीत वाढप्याला नको म्हणताना हलवायचास, तसा. मी थोडं थांबून परत विचारलं. तू परत तसाच हलवलास, जरा वैतागून. मग मी बाहेर जाऊन डॉक्टरांना सांगितलं.

मेधा पोचली तेव्हा तू गेला होतास. ती माझ्याशी अजून नीट बोलत नाही. म्हणाली, "आत्या, मी येईपर्यंत तरी थांबायचंस." मी तिला सांगितलं की मी ठरवलेलं नाही. तिला ते पटत नाही. तिच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं. ती तुझ्या खोलीत दार लोटून बसते आणि मी बाहेर तिचं ताट झाकून ठेवते. आपल्या घरात हे असं परत चालू होऊ नये, एवढंच वाटतं. आज सकाळी ती आपण होऊन येऊन बसली, अर्धी भाकरी खाल्ली. मी वाढत राहिले.

काल बेळगावात तुझी शोकसभा झाली. एकेक जण उठून बोलला. तिसऱ्या-चौथ्या वक्त्यानं तुझ्या निपाणीच्या व्याख्यानाचा उल्लेख केला, शपथ न मोडणाऱ्या बापाचा हा सत्यनिष्ठ मुलगा, असं म्हणाला. लोक माना डोलवत होते. मी उठले. मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

मी सगळं सांगितलं, अण्णा. पूल सांगितले, पलीकडं राहिलेली माणसं सांगितली. आप्पा फरशीवर पडले होते आणि त्यांना कुणी विचारलं नाही, हे सांगितलं. तू त्यांना काय म्हणाला होतास तेही सांगितलं, आणि त्या एका वाक्यापायी तू केवढं वाचलंस, किती भटकलास, भिंतींवर त्यांचं नाव कसं शोधलंस, तेही. मेधा समोर होती. तिला हे काहीच माहीत नव्हतं. बोलताना माझा आवाज कापला नाही, याचं मलाच नवल वाटलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. खुर्च्या सरकवत लोक उठले आणि माझी नजर चुकवत बाहेर पडले.

एक गृहस्थ मागं राहिले. काकतीचे बसवंतप्पा, बँकेतून निवृत्त झालेले, तुझ्या ओळखीचे नव्हेत. पेपरात वाचून आले होते. कानडी वळणाच्या मराठीत सावकाश म्हणाले, "बाई, आमचं वडील बी त्याच मैदानात होतं. ते नव्या फौजेत गेलं. गावात लई मान त्यांना. पंधरा ऑगस्टला पहिली खुर्ची."

मी म्हटलं, "मोठी माणसं ती."

"व्हय. पण घरात ते काय म्हणायचं, सांगू? म्हणायचं, मला तरी कुठं कोण विचारलं. आमचा सुभेदार उठला, तो ज्या बाजूला गेला त्या बाजूला आमची रांग गेली. मी रांगेत होतो. नंतर तिथं लढलो, ते मनापासून लढलो. पण गेलो ते असं." त्यांनी हात जोडले. "आम्ही हे बाहेर कधी बोललो न्हाय. आज तुम्ही बोललात म्हणून."

मी सवयीनं मान वळवली. असं काही नवं कानावर पडलं की तू चष्मा कपाळावर सरकवून पुढं वाकायचास. व्यासपीठावरच्या खुर्चीत तुझा फोटो होता, हार घातलेला. बाजूला मेधा येऊन उभी राहिली होती. बसवंतप्पा जायला वळले होते.

मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "बसा. परत सांगा. सावकाश सांगा."